वाचकांचे प्रश्न : निद्रिस्त कर्करोगपेशी जगतात कशावर?

गेल्या अंकात पेशीतील टाकाऊ भागांच्या पुनर्वापराविषयी, म्हणजे ज्याला ऑटोफॅजी किंवा स्वभक्षण म्हणतात त्या प्रक्रियेविषयी, एक छोटे टिपण दिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत : बरा झालेला कर्करोग वर्षानुवर्षांनी उलटतो कसा, आणि त्याचा या स्वभक्षणाशी संबंध काय. निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न (सातारा) : माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया अकरा वर्षांपूर्वी झाली. केमो, शेक आणि पाच वर्षांच्या गोळ्या असे सगळे उपचार तिने नेटाने पूर्ण केले. गेल्या महिन्यात पाठदुखीचे निमित्त झाले आणि तपासणीत मणक्यात तोच कर्करोग सापडला. या पेशी अकरा वर्षे कोठे होत्या? इतकी वर्षे त्या जगल्या कशावर? आमच्याकडून पथ्यात काही चूक झाली का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याशिवाय बाकीचे वाचण्याइतके स्वास्थ्य आपल्याला लाभणार नाही. आपल्याकडून किंवा आपल्या आईंकडून पथ्यात काही चुकले म्हणून हे घडलेले नाही. पत्रात गोळ्यांचा उल्लेख आहे, त्यावरून त्यांचा कर्करोग हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारचा असावा, आणि उशिरा उलटणे हा त्या प्रकाराचा स्वभावच आहे. २०१७ साली ८८ चाचण्यांमधील ६२,९२३ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. या सर्वजणींनी पाच वर्षांचे हार्मोनविरोधी उपचार घेतले होते आणि पाचव्या वर्षाअखेर त्यांच्यात रोगाचा मागमूस नव्हता. तरीही पुढची पंधरा वर्षे दूरच्या अवयवांत रोग उलटण्याच्या घटना थांबल्या नाहीत. त्या जवळजवळ एकाच संथ गतीने घडत राहिल्या. मूळ गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची होती आणि काखेतील एकही ग्रंथी बाधित नव्हती, अशा स्त्रियांत पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यानचा हा धोका १३ टक्के होता. तेवढीच गाठ, पण चार ते नऊ ग्रंथी बाधित असतील, तर तो ३४ टक्क्यांवर गेला. 'पाच वर्षे निघाली की सुटलो' ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, आणि काही कर्करोगांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे; या प्रकाराला मात्र ती लागू पडत नाही.

आता या पेशी होत्या कोठे ते पाहू. मूळ गाठ काढण्याच्या कितीतरी आधीच तिच्यातील काही पेशी सुटून रक्तावाटे शरीरभर जातात. त्यांतल्या बहुसंख्य वाटेतच मरतात. काही थोड्या पेशी अस्थिमज्जेत, फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन टेकतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि असे मांडले की कर्करोगाचे बी चहूकडे उधळले जाते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. या जुन्या उपमेत पुढच्या संशोधनाने एवढीच भर घातली की काही बिया न रुजता मरतातच असे नाही. त्या तशाच पडून राहतात. रूपर्ट विलिस या विकृतिशास्त्रज्ञाने १९३४ साली अशा पेशींना 'निद्रिस्त' हे विशेषण वापरले, आणि जेफ्री हॅडफील्ड यांनी १९५४ साली त्याचा अर्थ नेमका केला : ही पेशी मेलेली नसते आणि वाढतही नसते, तिचे विभाजन तात्पुरते थांबलेले असते. केमो आणि शेक यांचा मारा मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशींवर असतो. जी पेशी विभाजनच करत नाही, ती त्या माऱ्यातून बऱ्याच अंशी निसटते.

ही कल्पना केवळ कागदावरची नाही, याचा एक अस्वस्थ करणारा पुरावा स्कॉटलंडमधून २००३ साली प्रसिद्ध झाला. मूत्रपिंड दान केलेल्या एका व्यक्तीवर सोळा वर्षांपूर्वी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेली होती आणि ती बरी झाली असे मानले गेले होते. तिची दोन मूत्रपिंडे दोघांना बसवण्यात आली, आणि त्या दोघांनाही मेलॅनोमा झाला. दात्याच्या शरीरात जो रोग सोळा वर्षे दबून होता, तो प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली आणलेल्या नव्या शरीरात गेल्याबरोबर उसळला. पेशी तेथे होत्याच. त्यांना दाबून ठेवणारे काहीतरी मात्र नाहीसे झाले होते.

'जगल्या कशावर' हा आपला प्रश्न मला विशेष मोलाचा वाटला, कारण गेली पंधरावीस वर्षे प्रयोगशाळांमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला जात आहे. परक्या अवयवात एकटी पडलेली पेशी बाहेरून फारसे काही घेत नाही. तिला लागणारे वाढीचे संदेश मिळत नाहीत, शेजार अनोळखी असतो, कित्येकदा प्राणवायूही तुटपुंजा असतो. अशा वेळी ती आपल्याच आतल्या जुन्या, नादुरुस्त वस्तू मोडून त्यांतून कच्चा माल आणि थोडी ऊर्जा काढते. पेशीद्रवात एक दुपदरी पटल तयार होते, ते निकामी प्रथिनांना किंवा बिघडलेल्या तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या भागाला) वेढून तिची पुडी बांधते, ती पुडी लयकारिकेशी (लायसोसोमशी, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशवीशी) जुळते, आणि लयकारिकेतील विकर (एन्झाइम) तिच्यातील मालाचे तुकडे करून अमिनो आम्ले परत पेशीद्रवात सोडतात. हे केवळ कर्करोगपेशीच करतात असे मुळीच नाही. आपल्या सर्वांच्या शरीरात रोज २०० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडली आणि पुन्हा घडवली जातात, आणि आहारातून येणारी प्रथिने त्याच्या पावपटीच्या आसपासच असतात. उरलेला सगळा व्यवहार घरातल्या घरात चालतो. त्यात स्वभक्षणाचा वाटा मोठा आहे. निद्रिस्त कर्करोगपेशी याच सोयीवर आपली उपासमारीची वर्षे काढते, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात.

त्यांतला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने २००८ साली अंडाशयाच्या मानवी कर्करोगपेशींत एक जनुक इच्छेनुसार चालू-बंद करता येईल अशी व्यवस्था केली. हे जनुक चालू केले की स्वभक्षण वाढत असे. काचपात्रात त्याचा परिणाम असा झाला की पेशी काही दिवसांत मेल्या. त्याच पेशी उंदरात घातल्या तेव्हा मात्र त्या मेल्या नाहीत; गाठ न वाढवता त्या निमूट पडून राहिल्या. काही आठवड्यांनी जनुक बंद करताच त्या भराभर वाढल्या. आणि जनुक चालू असतानाच उंदरांना क्लोरोक्विन देऊन स्वभक्षण अडवले, तर पुढची वाढ पुष्कळच घटली. म्हणजे झोपेच्या काळातच त्यांची रसद तोडल्यामुळे जागे होण्यासाठी फारशा पेशी उरल्या नाहीत.

आपल्या आईंच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट. हाडापुरता मर्यादित आणि हार्मोनला प्रतिसाद देणारा कर्करोग परतला, तर आज त्यावर अनेक उपचार आहेत आणि पुष्कळ रुग्ण त्यांवर वर्षानुवर्षे चांगले राहतात. मणक्यातील गाठीचा नमुना शक्य असल्यास पुन्हा तपासून घ्यावा, कारण मधल्या वर्षांत पेशींचा हार्मोनशी असलेला संबंध बदललेला असू शकतो. पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, अथवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न (नाशिक) : आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर असा संदेश आला आहे की, एका जपानी शास्त्रज्ञाला २०१६ साली नोबेल मिळाले ते 'सोळा तास उपाशी राहिल्यास शरीर कर्करोगाच्या पेशी खाऊन टाकते' या शोधाबद्दल. माझ्या पत्नीची केमो तीन महिन्यांपूर्वी संपली आहे. तिने हा संदेश वाचून रोज सोळा तासांचा उपास सुरू केला आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : हा संदेश मलाही निरनिराळ्या लोकांकडून आला आहे, आणि प्रत्येक खेपेस त्यातील तासांची संख्या थोडी वेगळी होती.

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले हे खरे आहे, आणि ते स्वभक्षणाच्या यंत्रणेबद्दल मिळाले हेही खरे आहे. पुढचे मात्र संदेशकर्त्याच्या पदरचे आहे. ओसुमी यांनी काम केले ते किण्वावर, म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरतो त्या यीस्टवर. त्यांनी १९८८ साली टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभारली. लयकारिकेसारखेच काम करणारी मोठी रिक्तिका यीस्टच्या पेशीत असते, आणि ती साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसते. ज्या यीस्टमध्ये रिक्तिकेतील पाचक विकर नव्हते, अशा यीस्टला त्यांनी उपाशी ठेवले. खायला आत आणलेला माल पचवता येत नसल्याने काही तासांतच रिक्तिका पुड्यांनी गच्च भरली आणि जे एरवी निसटून जात असे ते डोळ्यांना दिसले. मग ज्या यीस्टमध्ये असा साठा होतच नाही, ते वेचून काढून त्यांनी १९९३ साली या कामाला आवश्यक असलेल्या जनुकांचा पहिला संच प्रसिद्ध केला. 'ऑटोफॅजी' हा शब्दही त्यांचा नव्हे. तो लयकारिकेचा शोध लावणाऱ्या क्रिस्तियन द दूव यांनी १९६३ साली घडवला. या सगळ्यात सोळा तास नाहीत आणि माणसाच्या कर्करोगाचा उपचारही नाही.

उपाशी राहिल्याने सस्तन प्राण्यांत स्वभक्षण वाढते, हे उंदरांत नीट दाखवलेले आहे. पण एक दिवस उपाशी राहिलेला उंदीर आपल्या वजनाचा जो हिस्सा गमावतो, तो माणूस एका दिवसात गमावत नाही. त्यामुळे तासांची बेरीज जशीच्या तशी उचलता येत नाही. माणसाच्या कोणत्या अवयवात, किती तासांनी, किती स्वभक्षण वाढले हे सांगणारी रक्ताची कोणतीही नेहमीची तपासणी आज उपलब्ध नाही. तेव्हा 'सोळाव्या तासाला सुरू होते' असे ठामपणे सांगणाऱ्याकडे ते मोजण्याचे साधन नसते, हे ध्यानात ठेवावे.

आणि आता मुख्य मुद्दा. वर साताऱ्याच्या भगिनींना जे उत्तर दिले आहे ते आपण वाचले असेल, तर या संदेशातील तर्क कोठे घसरतो हे आपल्या लक्षात आले असेल. स्वभक्षणात शरीर कर्करोगपेशीला खात नाही. प्रत्येक पेशी स्वतःच्याच आतील भाग खाते. हे कर्करोगपेशीही करते, आणि कित्येकदा शेजारच्या निरोगी पेशीपेक्षा अधिक सराईतपणे करते. मग उपासामुळे निद्रिस्त पेशींना उलट बळ मिळते असे म्हणावे का? तसेही म्हणता येत नाही, कारण माणसांत ते कोणी दाखवून दिलेले नाही. उपासाने इन्शुलिनची पातळी उतरते, वाढीचे काही संदेश मंदावतात, प्रतिकारपेशींच्या वागणुकीत फरक पडतो. या सगळ्याचा एकत्रित परिणाम कोणत्या बाजूला झुकेल हे तर्काने ठरवता येणार नाही. केमोच्या आधी आणि दरम्यान मोजूनमापून आहार कमी करण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, परंतु त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांपुरत्या होत्या, आणि रोग उलटणे त्याने टळते असे त्यांतून सिद्ध झालेले नाही.

आपल्या पत्नीने तीन महिन्यांपूर्वी केमो संपवली आहे. या काळात स्नायूंची झीज भरून काढणे आणि पुरेशी प्रथिने पोटात जाणे याला अग्रक्रम हवा. त्यांचे वजन घटत असेल, मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या असतील, तर हा उपास आजच थांबवावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो केल्याचे मोकळेपणी सांगावे. वजन गरजेपेक्षा जास्त असेल, तर रात्रीचे जेवण लवकर घेण्यास कोणाची हरकत असणार नाही. एकादशीचा उपास त्या श्रद्धेने करत असतील तर तो त्यांचा प्रश्न आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट आणि रताळ्याचा कीस पोटात गेल्यावर स्वभक्षणाची चिंता तशीही उरत नाही.

प्रश्न (पुणे, कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या शिक्षिका) : लयकारिका म्हणजे 'आत्मघाती पिशव्या' असे आपण शिकवतो. स्वभक्षणाने पेशीतील बिघाड दूर होतात, म्हणजे ते कर्करोगाला आळा घालणारे असायला हवे. मग तेच स्वभक्षण कर्करोगपेशीला तारते कसे? विद्यार्थ्यांना हे दोन्ही एकाच वेळी कसे समजवावे?

उत्तर : 'आत्मघाती पिशव्या' हे वर्णन लक्षात राहते खरे, पण त्यामुळे लयकारिकेचे रोजचे काम झाकले जाते. तिच्या कारकिर्दीचा बहुतेक भाग आत्मघातात जात नाही, आवराआवरीत जातो. विद्यार्थ्यांना आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आठवायला सांगा.

आपला तर्क चुकीचा नाही. त्याच तर्काने संशोधन सुरू झाले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम करणाऱ्या बेथ लेव्हिन यांनी १९९९ साली दाखवले की, बेक्लिन-१ हे स्वभक्षणाचे जनुक स्तनाच्या कर्करोगपेशींत घातले तर त्यांची गाठ करण्याची क्षमता घटते. २००३ साली असे दिसले की या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच प्रत असलेल्या उंदरांना आपोआप अर्बुदे होतात. स्वभक्षण मंदावले की बिघडलेल्या तंतुकणिका साचतात, त्यांतून विघातक ऑक्सिजनरूपे बाहेर पडतात, डीएनएला इजा होते आणि कर्करोगाची वाट मोकळी होते, असे चित्र तयार झाले. पुढे त्यात एक गुंता निघाला. मानवी स्तनाच्या कर्करोगात बेक्लिन-१ ची एक प्रत वरचेवर गहाळ असते, पण हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ या, बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, जनुकाच्या अगदी शेजारी आहे. तेव्हा गहाळ होण्यामागचे खरे कारण ते शेजारीण जनुकही असू शकते. विज्ञानात शेजार असा महागात पडतो.

कर्करोग एकदा प्रस्थापित झाला की चित्र उलटते. रटगर्स विद्यापीठातील आयलीन व्हाइट यांच्या गटाने फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या उंदरांत स्वभक्षणाचे एटीजी-७ हे जनुक फक्त गाठीतून काढून टाकले, तेव्हा त्या गाठी बिघडलेल्या तंतुकणिकांनी भरून गेल्या आणि आक्रमक राहिल्या नाहीत. मग त्यांनी तेच जनुक प्रौढ उंदरांच्या संपूर्ण शरीरातून काढून पाहिले. कर्करोग हटला. परंतु ते उंदीर मेंदूच्या ऱ्हासाने दोनतीन महिन्यांत मेले, आणि मधल्या काळात त्यांना उपाशी ठेवले तर रक्तातील साखर कोसळून ते दगावले. विद्यार्थ्यांना हा प्रयोग अवश्य सांगावा. स्वभक्षण ही निरोगी शरीराची किती मूलभूत गरज आहे आणि ते कायमचे बंद करणे हा उपचार का होऊ शकत नाही, हे त्यात एकदम दिसते.

निद्रिस्त पेशींकडे आले की प्रकरण आणखी अवघड होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील एका गटाने २०१८ साली उंदरांच्या फुप्फुसात झोपून असलेल्या स्तनाच्या कर्करोगपेशींवर प्रयोग केले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन किंवा एटीजी-७ बंद करून स्वभक्षण अडवले, तर त्या पेशींत नादुरुस्त तंतुकणिका साचल्या, त्या मेल्या, आणि रोग उलटण्याचे प्रमाण घटले. येथपर्यंत ठीक. पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, ओहायोमधील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या गटाने अशाच प्रकारच्या पेशी घेऊन जवळजवळ उलटा निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते स्वभक्षण हे पेशीला झोपवून ठेवण्याचे काम करते. पीएफकेएफबी-३ हे प्रथिन पेशीला साखर वेगाने जाळायला लावते, आणि जागे होण्यासाठी ते लागते. स्वभक्षण हे प्रथिन सतत मोडत असते. स्वभक्षण थांबवा, म्हणजे हे प्रथिन साचेल आणि पेशी उठून बसेल.

दोन्ही गट जबाबदार आहेत आणि दोघांचेही प्रयोग काळजीपूर्वक केलेले आहेत. यातला कोणता खरा, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. माझे मत असे की दोन्ही एकदम खरे असण्यात काही विसंगती नाही. स्वभक्षण हे एकच काम नव्हे. काय मोडले जाते आहे यावर परिणाम ठरतो. नादुरुस्त तंतुकणिका मोडल्या तर पेशी जगते, जागे करणारे प्रथिन मोडले तर पेशी झोपते. ते अडवल्यावर पेशी मरेल की जागी होईल, हे ती झोपेच्या कोणत्या टप्प्यावर आहे, अडवणूक किती काळ चालते आणि तिच्याकडे जगण्याचा दुसरा मार्ग आहे का, यांवर अवलंबून असणार.

भ्रूणविज्ञान शिकवताना आपण विलंबित रोपणाचा उल्लेख करत असाल, तर एक सुंदर धागा हाती लागेल. अस्वलासह शंभराहून अधिक सस्तन प्राण्यांत परिस्थिती अनुकूल होईपर्यंत भ्रूण अगदी सुरुवातीच्या अवस्थेत वाढ थांबवून थबकून राहतो. टोरांटोमधील कॅथरीन ओब्रायन यांच्या गटाने २०२१ साली दाखवले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी केमोच्या माऱ्यात याच जुन्या युक्तीचा आसरा घेतात. त्यांचा जनुकीय नमुना थबकलेल्या भ्रूणाशी जुळतो, वाढीचा एमटॉर हा मुख्य नियंत्रक मंदावतो आणि पेशी स्वभक्षणावर जगू लागते. त्या अवस्थेत यूएलके-१ हे स्वभक्षण सुरू करणारे विकर अडवले तर केमोपुढे तिचा निभाव लागत नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : माझ्या सासूबाई पुण्यात असतात. संधिवातासाठी त्या अनेक वर्षे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात. येथे मी वाचले की तेच औषध देऊन स्तनाचा कर्करोग उलटणे टाळता येते. माझ्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी हा आजार झाला होता. तिने हे औषध सुरू करावे का?

उत्तर : आपण वाचलेली बातमी बहुधा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील क्लेव्हर या चाचणीची असावी. अँजेला डीमिकेल आणि लुईस चोडॉश यांच्या गटाने तिचे निष्कर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्या आजाराचे निदान होऊन पाच वर्षे उलटलेली नव्हती, उपचार पूर्ण झाले होते, आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत झोपलेल्या कर्करोगपेशी सापडल्या होत्या, अशा ५१ रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एव्हरोलिमस किंवा दोन्ही मिळून देण्यात आले. एव्हरोलिमस एमटॉरला अडवते, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लयकारिकेतील आम्लता उतरवून तिचे पचन बिघडवते. अस्थिमज्जेतील पेशींची संख्या तिन्ही गटांत अंदाजे ७८ ते ८७ टक्क्यांनी घटली. तीन वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण एकेका औषधाच्या गटांत ९१.७ आणि ९२.९ टक्के, तर दोन्ही औषधे घेतलेल्या गटात १०० टक्के होते.

हे आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण ते वाचताना हात आखडता ठेवावा लागतो. रुग्ण ५१ आणि गट तीन. शिवाय ही चाचणी मुळात उपचार झेपतो का, सुरक्षित आहे का, हे पाहण्यासाठी आखली होती. रोग उलटणे खरोखर टळते का, हे सांगायला शेकडो रुग्ण आणि याहून बराच मोठा काळ लागेल. पहिल्या उत्तरातील वीस वर्षांचे आकडे आठवावेत. दुसरे असे की, हेच औषध वाढत्या, पसरलेल्या कर्करोगात वापरून पाहिले तेव्हा निराशाच झाली. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावरील चाचणीत त्याने आयुर्मान वाढले नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील ११२ रुग्णांच्या चाचणीत, २०१९ साली, अधिक रुग्णांच्या गाठी आकसल्या, पण एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण सुधारले नाही. कदाचित जाग्या, भरपूर खाणाऱ्या गाठीला स्वभक्षणाची तितकी निकड नसते आणि उपासमारीत झोपलेल्या पेशीला ती असते. क्लेव्हर चाचणीमागचा विचार तोच आहे.

तेव्हा आपल्या बहिणीने हे औषध स्वतः सुरू करू नये, आणि सासूबाईंच्या डबीतल्या गोळ्या पाहून तर मुळीच नाही. संधिवातात ते सुरक्षित समजले जाते ते ठरावीक मात्रेत. डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ नये म्हणून रोजची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि डोळे वेळोवेळी तपासतात. कर्करोगाच्या चाचण्यांत मात्रा बहुधा त्याहून मोठ्या असतात. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे आणि रक्तातील साखर उतरणे हेही त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. २०२० च्या वसंतात करोनावरचा उपाय म्हणून लोकांनी याच गोळ्यांवर झडप घातली तेव्हा संधिवात आणि ल्युपसच्या रुग्णांना त्या मिळेनाशा झाल्या होत्या. सासूबाईंना ते दिवस आठवत असतील. आपली बहीण आपल्याप्रमाणे अमेरिकेत असेल, तर मात्र निद्रिस्त पेशींवरील अशा चाचणीत आपल्याला भाग घेता येईल का, असे तिने आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना जरूर विचारावे.

प्रश्न (चंद्रपूर) : आपल्या शरीरात अशा निद्रिस्त पेशी आहेत की नाहीत, हे कळण्यासाठी तपासणी करून घेता येईल का?

उत्तर : नेहमीच्या उपचारांत नाही. सीटी, पेट-स्कॅन यांना अशी एकेकटी पेशी दिसत नाही. अस्थिमज्जा काढून तपासणे शक्य आहे, परंतु ते आज संशोधनापुरते आहे. रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधणाऱ्या नव्या तपासण्या आल्या आहेत. पण हे तुकडे मुख्यतः मरणाऱ्या आणि वाढणाऱ्या पेशींतून येतात, आणि शांत झोपलेली पेशी त्यांतले फारसे काही सांडत नाही. तपासणी 'स्वच्छ' आली म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि खासगी प्रयोगशाळेच्या जाहिरातीवरून मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी, उत्तर काहीही आले तरी उपचारात काय बदलणार आहे, हे डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न (कोल्हापूर) : मला आठ वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. झोपलेल्या पेशींना जागे कोण करते? मानसिक ताणाने त्या जाग्या होतात असे सगळे सांगतात, आणि त्या भीतीनेच मला ताण येतो.

उत्तर : ताणाविषयीचे पुरावे माणसांत कच्चे आहेत. ज्यांनी आपल्याला हे ऐकवले त्यांनी आपल्या ताणात तेवढी भर घातली, याहून अधिक काही साधले नाही. फुप्फुसातील जळजळीविषयीचे पुरावे अधिक ठोस आहेत. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील मिकाला एगेब्लाड यांच्या गटाने २०१८ साली दाखवले की उंदरांना तंबाखूच्या धुरात ठेवले, किंवा जिवाणूंचे विष नाकातून दिले, तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, त्या जाळ्यांतील विकर शेजारचे लॅमिनिन हे प्रथिन चिरतात, आणि चिरलेले लॅमिनिन झोपलेल्या कर्करोगपेशीला उठण्याची खूण देते. २०२५ साली अमेरिकेतील आणि युरोपातील गटांनी मिळून असेच फ्ल्यू आणि करोना विषाणूंच्या संसर्गानंतर उंदरांच्या फुप्फुसांत दाखवले. जागी होताना पेशीला आपला स्वयंपाकच बदलावा लागतो : स्वतःचे भाग मोडून खाण्याऐवजी ती बाहेरची साखर ओढू लागते, एमटॉर पुन्हा जोर धरतो आणि विभाजनाची तयारी सुरू होते.

यावरून आपल्याला करण्याजोगे थोडेच निघते, पण जे निघते ते सोपे आहे. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर जाऊ द्यावी. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धुराला वाट करून द्यावी. दरवर्षीची फ्ल्यूची लस घ्यावी का, हे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारावे; उपचार चालू नसतील तर तिच्या आड येण्याजोगे सहसा काही नसते.